दाखवलेलं दुःख, लपवलेला व्यवहार

१९३३ सालच्या वसंतात खारकीव्हच्या फुटपाथांवर माणसं भुकेने मरून पडत होती. हे शहर तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी होतं. तिथे वर्तमानपत्रं निघत होती, त्यांच्या नोकरीत छायाचित्रकार होते, आणि दोनच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ट्रॅक्टर कारखान्याचं कौतुक मोठ्या अभिमानाने छापलं जात होतं. खेड्यापाड्यांतून धान्य सक्तीने उचलून नेलं गेलं. घरातलं शेवटचं मूठभर पीठ संपल्यावर माणसं शहराच्या वाटेला लागली आणि रस्त्यातच कोसळली. सरकारी कॅमेऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्या दुष्काळाचे जे मोजके फोटो आज उपलब्ध आहेत, त्यांतले बरेचसे अलेक्झांडर वीनरबर्गर या ऑस्ट्रियन अभियंत्याने काढलेले आहेत. वीनरबर्गर नोकरीनिमित्त खारकीव्हमध्ये होते. त्यांनी ते लपूनछपून काढले आणि जिवावर उदार होऊन देशाबाहेर पोचवले. लक्षावधी माणसं गेली आणि त्यांच्या मरणाची साक्ष एका परक्याच्या धाडसावर अवलंबून राहिली.

याच शहरात पाच वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३८ रोजी, बोरिस मिखाइलोव यांचा जन्म झाला. युक्रेनमधून पुढे आलेल्या छायाचित्रकारांत त्यांच्या तोडीचा दुसरा नाही, असं मी बिनदिक्कत म्हणेन. २००० साली त्यांना छायाचित्रणातला मानाचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांनी आपल्या देशाचं प्रतिनिधित्व केलं, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २०११ साली त्यांचं प्रदर्शन झालं. तरीही त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामाबद्दल अनेक सुजाण, संवेदनशील माणसं आजही म्हणतात, की हे फोटो काढायलाच नको होते. १९९७-९८ मध्ये खारकीव्हच्या रस्त्यांवर राहणाऱ्या बेघर माणसांचे चारशेच्या आसपास फोटो त्यांनी काढले. ‘केस हिस्टरी’ या नावाने १९९९ साली त्यांचं पुस्तक आलं. आक्षेप साधा आणि जोरकस आहे : त्यांनी या माणसांना पैसे दिले, कपडे उतरवायला लावले, कसं उभं राहायचं तेही सांगितलं. मग ही साक्ष कसली?

माझं म्हणणं नेमकं याच जागी सुरू होतं. दुसऱ्याच्या दुःखाचा फोटो काढताना कॅमेऱ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांत काही ना काही देवघेव होतेच. कधी पैसा, कधी मदतीचं आश्वासन, कधी नुसती आशा. एकाला फोटो मिळतो, नाव मिळतं. दुसऱ्याला काय मिळतं ते बहुधा कळतच नाही. ही देवघेव झाकून ठेवली की फोटो सभ्य दिसतो. मिखाइलोव यांनी ती झाकली नाही, फोटोतच आणून ठेवली. त्यांचे फोटो असभ्य वाटतात ते यामुळे, आणि माझ्या मते ते खरे आहेत तेही यामुळेच. हे पटायला मात्र केवळ ‘केस हिस्टरी’ पाहून भागणार नाही. तीस वर्षांची वाट चालून ते तिथवर पोचले होते.

मिखाइलोव शिक्षणाने आणि पेशाने अभियंता. खारकीव्हच्या एका कारखान्यात ते काम करत. कारखान्यावर एक छोटा चित्रपट करायचा म्हणून त्यांच्या हाती कॅमेरा आला आणि ते फोटो काढायला लागले. त्यांत त्यांच्या पत्नीचे नग्न फोटोही होते. ते केजीबीच्या हाती लागले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांची नोकरी गेली. नग्न देह म्हणजे अश्लीलता, एवढाच हिशोब. सोव्हिएत व्यवस्थेत कशाचा फोटो काढायचा यावर जसे निर्बंध होते, तसे माणूस कसा दिसला पाहिजे यावरही होते. तो निरोगी, कामात गुंतलेला, उद्याकडे नजर लावलेला असावा लागे. पोट सुटलेला, कंटाळलेला, पलंगावर आळसावलेला माणूस सगळ्यांच्या घरात होता. छापील कागदावर त्याला जागा नव्हती.

या स्वच्छ चित्रांची कारागिरी किती पुढे गेली होती, याचं उदाहरण युक्रेनच्याच एका थोर छायाचित्रकाराचं देता येईल. येवगेनी खाल्देई यांचा जन्म १९१७ साली युझोव्हकाचा, म्हणजे आजच्या दोनेत्स्कचा. बर्लिनच्या राइखस्टागवर लाल झेंडा फडकवणाऱ्या सैनिकांचा त्यांनी २ मे १९४५ रोजी काढलेला फोटो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तो झेंडा खाल्देई यांनी मॉस्कोहून स्वतःबरोबर आणला होता. त्यांच्या शिंपी काकांनी तो टेबलावर घालायच्या लाल कापडाचा शिवला होता. सैनिकाला खालून आधार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. विजयी सैन्याने लूट केली हे उघड होऊ नये म्हणून खाल्देई यांनी सुईने निगेटिव्हवरचं एक घड्याळ खरवडून काढलं. पुढे आकाशात धूरही वाढवण्यात आला. खाल्देई शूर होते. नाझींनी त्यांच्या घरची माणसं मारली होती, आणि त्या विजयाचा आनंद खोटा नव्हता. खोटेपणा आला तो घड्याळ नाहीसं करण्यात. प्रसंग मांडून घेतला होता याचं मला काही वाटत नाही. मांडणी आणि खरवडणी लपवून ‘हे असंच घडलं’ असं वाचकाला सांगितलं गेलं, याचं वाटतं.

नोकरी गेल्यावर मिखाइलोव नेमक्या याच कारागिरीत शिरले, पण तिच्या घरगुती अंगाने. सोव्हिएत घरांत जुने फोटो मोठे करून रंगवून घ्यायची रीत होती. युद्धावरून न परतलेल्या मुलाचा ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो तेवढा उरलेला असे. तो वाढवून घ्यायचा, सुरकुत्या पुसायच्या, गालांवर गुलाबी, ओठांवर लाल रंग भरायचा, साध्या सदऱ्याच्या जागी कोट आणि टाय रंगवायचा. वेगवेगळ्या फोटोंतले नवरा-बायको एका चौकटीत शेजारी बसवायचे. असा खासगी धंदा कायद्यात बसत नव्हता, तरी पोटासाठी अनेकजण तो करत. मिखाइलोव यांनीही वर्षानुवर्षं केला. पण रंगवलेल्या फोटोंच्या प्रती ते स्वतःजवळ ठेवत गेले, आणि त्यांतून १९७१ ते १९८५ या काळातली ‘लुरिकी’ ही मालिका तयार झाली.

हे फोटो जवळून पाहावेत. एक तरुण गणवेशात बसलेला आहे. चेहरा करड्या छटांचा, म्हणजे फोटोतला. गणवेशाची बटणं मात्र ब्रशने काढलेली, पिवळीधमक. नजर गंभीर, आणि गालांवर जत्रेतल्या बाहुलीचा रंग. हसू येतं आणि लगेच विरतं, कारण कुणाच्या तरी आईने हा रंग पैसे मोजून मागितला होता. आपला मुलगा थोडा अधिक देखणा, थोडा अधिक सुखी दिसावा असं तिला वाटलं होतं. राज्यकर्त्यांचा खोटेपणा आणि या आईची इच्छा एकाच ब्रशने रंगवली जात होती, आणि ब्रश मिखाइलोव यांच्या हातात होता. फोटो कसा खोटा होतो हे ते पुस्तकातून शिकले नाहीत. ते स्वतः मोबदला घेऊन फोटो सजवत होते. पुढे त्यांनी मोबदला देऊन फोटो काढले, तेव्हा या व्यवहाराच्या दोन्ही बाजू त्यांनी अनुभवलेल्या होत्या.

या काळात ते एकटे नव्हते. १९७१ साली युरी रूपिन, येवगेनी पावलोव, ओलेग मालोवानी, ओलेक्सांद्र सुप्रून आदींबरोबर त्यांनी ‘व्रेम्या’ नावाचा गट उभा केला. पाहणाऱ्याला धक्का बसला पाहिजे, त्याच्या डोळ्यांवरची झापड उडाली पाहिजे, हा या मंडळींचा आग्रह. १९८३ साली खारकीव्हच्या शास्त्रज्ञ-भवनात त्यांनी प्रदर्शन मांडलं, ते उद्घाटनाच्याच दिवशी बंद पाडण्यात आलं. एरवी हे काम मित्रांच्या स्वयंपाकघरात, पडदे ओढून दाखवलं जाई. आज ‘खारकीव्ह घराणं’ म्हणावं अशी जी परंपरा छायाचित्रणात मानली जाते, तिचा उगम या स्वयंपाकघरांत आहे.

१९८०च्या दशकात मिखाइलोव यांचं काम वरवर पाहता शांत होत गेलं. ‘अपूर्ण प्रबंध’ ही मालिका त्यांनी कुणीतरी टाकून दिलेल्या प्रबंधाच्या पाठकोऱ्या कागदांवर केली : लहान लहान, कशाचेच नसलेले फोटो चिकटवायचे आणि कडेला हाताने टिपणं लिहायची. रस्ता, भिंत, पाठमोरा माणूस. घडत काहीच नाही, आणि काहीच न घडणं हाच त्या वर्षांचा स्वभाव होता.

१९८६ साली ते दोनेत्स्क प्रांतातल्या स्लोव्यान्स्कजवळच्या खाऱ्या तळ्यावर गेले. तिथे लोक औषधी पाण्यात डुंबायला जातात, असं त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. तळ्याच्या काठाला सोड्याचा जुनाट कारखाना. जाड नळातून त्याचं कोमट सांडपाणी पाण्यात पडतंय, आणि त्या नळाभोवती दाटी करून माणसं बसली आहेत. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, अर्ध्या चड्डीतले म्हातारे, अंगाला चिखल फासलेली पोरं. मागे धुराडी. कुणी दशमी सोडावी तशी शिदोरी सोडतंय, कुणी नळाच्या धारेखाली पाठ शेकतंय. फोटो तपकिरी छटेत छापलेले, शंभर वर्षांपूर्वीचे वाटावेत असे. सरकारी छायाचित्रकाराने कारखाना दाखवून सांडपाणी कापलं असतं. सरकारविरोधी छायाचित्रकाराने सांडपाणी दाखवून माणसांचा आनंद कापला असता. मिखाइलोव यांनी दोन्ही ठेवलं. त्यांना ही माणसं बिचारी वाटत नाहीत आणि हास्यास्पदही वाटत नाहीत. ज्या देशात त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला, त्या देशाचं इतकं अचूक चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग १९९१ आलं. सोव्हिएत संघ मोडला, युक्रेन स्वतंत्र झाला. मिखाइलोव यांनी फिरत्या भिंगाचा, विस्तीर्ण दृश्य टिपणारा कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून रस्त्यावरची माणसं टिपली : रांगेतली, बाकावर झोपलेली, फुटपाथवर काहीबाही विकायला बसलेली. हे फोटो भिंतीवर खाली लावायचे, म्हणजे पाहणाऱ्याला वाकावं लागेल, अशी त्यांची कल्पना. दोन वर्षांनी त्यांनी तशीच दृश्यं गडद निळ्या रंगात केली. १९४१ साली शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हा ते तीन वर्षांचे होते. भोंगे, काळोख आणि आईबरोबरची पळापळ त्यांच्या स्मरणात निळ्या रंगाची आहे. १९९३ साली युक्रेनमधली महागाई वर्षभरात १०,००० टक्क्यांहून अधिक वाढली. आयुष्यभराची बचत आठवड्याभराच्या भाजीलाही पुरेनाशी झाली. शांततेच्या काळात त्यांना युद्ध दिसत होतं, हे कविकल्पनेने आलेलं नव्हतं.

याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी ‘केस हिस्टरी’वर टीका करणारे सहसा विसरतात. १९९२च्या ‘मी म्हणजे मी नव्हे’ या मालिकेत पन्नाशी ओलांडलेल्या मिखाइलोव यांनी स्वतःचे कपडे उतरवले. ढिला पडलेला देह, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, हातात खोटी तलवार, आणि पोज शूरवीराची. इतरांना कॅमेऱ्यासमोर उघडं करण्याच्या पाच वर्षं आधी ते स्वतः उघडे झाले होते. १९९४ साली त्यांनी पत्नी विता आणि सहकारी कलावंतांबरोबर जर्मन सैनिकांचे गणवेश चढवून फोटो काढले. ज्यू आईच्या या मुलाने शत्रूची भूमिका स्वतः करून पाहिली. दुसऱ्याकडून जे मागायचं ते आधी स्वतःवर घेऊन पाहायचं, हा त्यांचा शिरस्ता होता.

जर्मनीत वर्षभर राहून ते परतले तेव्हा खारकीव्ह बदललेलं होतं. नवे श्रीमंत दिसू लागले होते, दुकानांच्या काचा चकचकीत झाल्या होत्या. आणि त्याच रस्त्यांवर बेघरांचा एक वर्ग तयार झाला होता, जो पूर्वी या प्रमाणात नव्हता. कारखाने बंद पडून नोकरी गेलेले, घर विकून बसलेले, दारूत बुडालेले, रस्त्यावर वाढणारी पोरं. त्यांच्यातली काही फार दिवसांची सोबती नव्हती. त्या वेळी मिखाइलोव यांना १९३०च्या दशकातला दुष्काळ आठवला. आपल्या देशाच्या इतिहासातले असे कालखंड फोटोविना पुसले गेले आहेत आणि पुन्हा तसं होऊ देता कामा नये, ही भावना त्यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. दुष्काळाच्या शहरात जन्मलेल्या माणसाने हे म्हणावं, याला वजन आहे.

आता ते फोटो. मोठे, रंगीत, काही जवळपास माणसाच्या उंचीचे. बर्फ साचलेल्या अंगणात एक बाई जाड कोट आणि स्वेटर वर उचलून पोट दाखवते. पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण. त्वचारोगाने खाल्लेले हात, फुगलेले चेहरे, दात गेलेलं हसू. एका फोटोत दोघांनी मिळून एका उघड्या माणसाला असं धरलंय, की युरोपातल्या चर्चमधलं क्रूसावरून उतरवलेल्या येशूचं चित्र आठवावं. आणि बहुतेक सगळी माणसं थेट आपल्याकडे पाहत आहेत. आपण इथे आलो आहोत हे त्यांना माहीत आहे. काहीजण लाजत नाहीत, काहीजण जणू आव्हान देतात, काही जोडपी एकमेकांना बिलगून चक्क आनंदात आहेत. बोरिस आणि विता यांनी या माणसांना पैसे दिले, जेवू घातलं, काहींना घरी नेऊन आंघोळीला गरम पाणी दिलं. कुठे उभं राहायचं, काय करायचं ते सांगितलं. यातलं काही त्यांनी लपवलं नाही. नव्या युक्रेनमध्ये सगळी नाती पैशाने ठरू लागली होती. त्या नात्यापासून कॅमेरा तेवढा पवित्र ठेवला असता, तर त्या फोटोंतला काळच हरवला असता.

पहिला आक्षेप पैशाचा. पैसे दिले म्हणजे साक्ष विकत घेतली, असं म्हणतात. पण पैसे न देता काढलेल्या फोटोंचा इतिहास पाहू. डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला ‘स्थलांतरित आई’ हा फोटो करुणेच्या छायाचित्रणाचा आदर्श मानला जातो. त्यातल्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांना १९७०च्या दशकाच्या अखेरीस पत्रकाराने शोधून काढलं. या फोटोतून आपल्याला दमडीही मिळाली नाही, ही तक्रार त्यांच्या मनात चाळीस वर्षांनंतरही होती. त्या चौकटीच्या कडेला तंबूच्या खांबावरचा एक अंगठा दिसत होता; रचनेत खटकतो म्हणून लँग यांनी तोही निगेटिव्हमधून घालवला. लँग यांचा हेतू चांगला होता, फोटो छापून आल्यावर त्या छावणीला अन्नही पोचलं. तरी एक प्रश्न उरतोच : बाईला काही न देणं हे पैसे देण्यापेक्षा नैतिक कसं? तिथेही व्यवहार झालाच. फक्त एका बाजूचा हिशोब कोरा राहिला, आणि त्या कोरेपणाला आपण निःस्वार्थ म्हणत आलो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. भुकेल्या, नशेतल्या माणसाची संमती ही संमती असते का? थंडीत कुडकुडणाऱ्याला चार नोटा दाखवल्या की तो काहीही करेल. याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, आणि मिखाइलोव यांच्याकडेही असेल असं वाटत नाही. हा सौदा असमान होता. पण हा असमानपणा कॅमेऱ्याने निर्माण केला नव्हता. तो रस्त्यावर उभाच होता, आणि येणारेजाणारे रोज त्याला वळसा घालून जात होते. ज्या फोटोंना आपण ‘प्रतिष्ठा जपणारे’ म्हणतो ते कसे असतात, याचा विचार करावा. बहुधा कृष्णधवल, कोवळ्या प्रकाशातले, खोल डोळ्यांचे, शिल्पासारखे स्थिर. ते पाहताना गरिबाची प्रतिष्ठा जपली जाते, तशी आपलीही जपली जाते. आपण हळहळतो, आपल्या मनाचा मोठेपणा आपल्याला सुखावतो. मिखाइलोव यांचा बेघर माणूस हे सुख मिळू देत नाही. तो रंगीत आहे, कालचा नाही, आजचा आहे, आणि पैसे घेऊन उभा आहे. त्याच्याकडे पाहताना आपणही त्या सौद्यातले गिऱ्हाईक आहोत हे कळतं. म्हणून आपण चिडतो, आणि चिडून छायाचित्रकारावर आरोप ठेवतो.

प्रतिष्ठेचा अर्थही इथे तपासायला हवा. त्या फोटोंमधली माणसं स्वतःचा देह दाखवताना निव्वळ बळी वाटत नाहीत. कुणीतरी आपल्याकडे नीट पाहतंय, आपल्यासाठी थांबलंय, याचा एक विचित्र अभिमान कित्येक चेहऱ्यांवर स्पष्ट आहे. रस्त्यावरच्या माणसाचा सर्वांत मोठा अपमान असतो तो नजर चुकवण्याचा. या अपमानापुढे कॅमेऱ्याची धीट नजर मला अधिक माणुसकीची वाटते.

तिसरा आक्षेप बाजाराचा. हे फोटो पश्चिमेकडच्या दालनांत टांगले गेले, संग्राहकांनी घेतले. फोटोतल्या माणसांना त्या तुलनेत काहीच मिळालं नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. पैसे देण्याची गोष्ट उघड करणं म्हणजे पैशाचा हिशोब चुकता करणं नव्हे. प्रामाणिकपणा हा न्यायाचा पहिला टप्पा असतो, शेवटचा नसतो. मिखाइलोव यांनी पहिला टप्पा गाठला. पुढचा गाठण्याची जबाबदारी त्यांच्याबरोबर संग्रहालयांची, विक्रेत्यांची आणि आपलीही होती. ती पार पडली नाही. पण पहिला टप्पाही न गाठणाऱ्या फोटोंना आपण हा प्रश्न कधी विचारत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. हिशोब उघडा ठेवणाऱ्यालाच हिशोब मागता येतो.

या सगळ्याला २०२२ सालानंतर एक निराळी धार आली आहे. रशियाने पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला तेव्हा मारियुपोलमध्ये असोसिएटेड प्रेससाठी काम करणारे युक्रेनी पत्रकार होते : छायाचित्रकार येवगेनी मालोलेत्का आणि चित्रफिती काढणारे मस्तिस्लाव चेर्नोव, त्यांच्यासोबत वासिलिसा स्टेपानेन्को. चेर्नोव खारकीव्हचे. मालोलेत्का अझोव समुद्राकाठच्या बेर्द्यान्स्कचे. १९८१ साली मिखाइलोव यांनी रविवारच्या सुट्टीत समुद्रावर पहुडलेल्या माणसांची मालिका केली होती, तेच हे गाव. ९ मार्च २०२२ रोजी मारियुपोलच्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या जखमी गरोदर बाईचा मालोलेत्का यांनी काढलेला फोटो जगभर गेला. तिचं बाळ मृत जन्मलं, आणि अर्ध्या तासाच्या आत तीही गेली. लंडनमधल्या रशियन दूतावासाने मात्र हे सारं नाटक असल्याचं, दुसऱ्या एका जखमी बाईला नटी म्हणून उभं केल्याचं ट्विटरवर लिहिलं. ट्विटरने ते मजकूर काढून टाकले. पुढे या फोटोला २०२३चा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला.

इथे कुणी म्हणेल, की मिखाइलोव यांच्यासारख्यांनी ‘मांडून घेतलेल्या’ फोटोलाही खरं म्हणायची सवय लावली, आणि तीच सवय आता खोटं बोलणाऱ्यांच्या उपयोगी पडते. मला उलट वाटतं. बातमीतला छायाचित्रकार वाचकाला वचन देतो : मी काही हलवलेलं नाही, काही सांगितलेलं नाही, हे घडलं तसंच आहे. मालोलेत्का यांनी हे वचन जिवावर बेतलं तरी पाळलं. इतकंच नाही, तर त्या बायकांचं पुढे काय झालं ते शोधायला हे पत्रकार दुसऱ्या रुग्णालयात गेले, डॉक्टरांशी बोलले, नोंद केली. मिखाइलोव यांचं वचन वेगळं होतं : मी सांगितलं, त्यांनी केलं, मी पैसे दिले, आता पाहा. त्यांनीही ते पाळलं. वचनभंग झाला तो एक घड्याळ गुपचूप नाहीसं झालं तेव्हा. फोटो मांडलेला होता की उत्स्फूर्त, यावरून खरंखोटं ठरत नाही. तो कसा तयार झाला ते वाचकाला खरं सांगितलं का, यावरून ठरतं. ‘खरा फोटो नेहमी सोवळा, निर्मळ, स्पर्श न झालेला असतो’ ही भाबडी समजूतच खोटं पसरवणाऱ्यांचं भांडवल आहे. कारण मग जराशा शंकेनेही खरा फोटो बाद करता येतो. फोटो कसे बनतात हे जाणणारा समाज इतक्या सहज फसत नाही, आणि युक्रेनला हे जाणतं करण्यात मिखाइलोव यांच्या पिढीचा वाटा आहे.

खारकीव्ह हे नाव महाराष्ट्रातल्या अनेक घरांत फेब्रुवारी २०२२ मध्ये एकदम जवळचं झालं. वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे गेलेली आपली मुलं भुयारी मेट्रोच्या फलाटांवर रात्री काढत होती, आणि आईवडील फोनवर येणाऱ्या फोटोंवर डोळे लावून बसले होते. मुलं परत आली आणि ते शहर आपल्या बोलण्यातून निघून गेलं. तिथलं युद्ध संपलं नव्हतं. एखाद्या ठिकाणाचे फोटो आपल्याला कुठवर हवे असतात आणि कधी नकोसे होतात, हे आपली गरज ठरवते. तोही एक व्यवहारच आहे, आणि त्यातली आपली बाजूही मान्य करायला हवी.

म्हणून मला वाटतं, दुःखाचा फोटो ‘काढावा की काढू नये’ या वादात आपण नको इतके अडकलो आहोत. काढावाच, कारण न काढलेल्या फोटोचा फायदा आजवर नेहमी मारणाऱ्यालाच झाला आहे, मरणाऱ्याला कधीच नाही. पण काढल्यावर त्याचा हिशोब द्यावा. वर्तमानपत्र असो, देणगीचं आवाहन असो की कलादालन, प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव छापण्याचा दंडक जसा पडला, तसाच आणखी चार ओळींचा दंडक पडावा : समोरच्या माणसाला विचारलं होतं का, त्याला काही सांगितलं होतं का, त्याला काय मिळालं, आणि फोटो विकला गेला तर त्यात त्याचा वाटा किती. ज्यांच्याकडे या चार ओळींची उत्तरं आहेत त्यांचे फोटो कितीही अंगावर येणारे असोत, मी ते पाहायला तयार आहे. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांचे फोटो कितीही सुंदर आणि करुणेने भरलेले असले, तरी ते अर्धवट आहेत, आणि उरलेलं अर्धं मागण्याचा हक्क आपण बजावलाच पाहिजे.